गर्भावर परिसराचेही संस्कार होतात

(मालवण येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमाला पुरुषवर्ग बऱ्या संख्येने आला आहे, याचे मला विशेष समाधान वाटते. बाळंतपण म्हणजे बायकांचा विषय, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. पुरुषांनी ओटीवर बसायचे आणि माजघरात काय चालले आहे, याची चौकशी एकदम बारशालाच करायची! पुढील तासाभरात मी जे सांगणार आहे, त्यातील निम्म्याहून अधिक भाग ओटीवरच्या मंडळींसाठीच आहे.

'गर्भसंस्कार' हा शब्द हल्ली सर्वांच्या कानावरून गेलेला असतो. ध्वनिफिती आहेत, पुस्तके आहेत, शहरांतून भरमसाट शुल्क घेणारे वर्ग आहेत. अमुक श्लोक ऐका, तमुक चूर्ण घ्या, म्हणजे गोरेपान आणि कुशाग्र बुद्धीचे मूल जन्माला येईल, असे आश्वासन त्यांतून दिले जाते. मन प्रसन्न करणारे स्तोत्र वा संगीत गर्भवतीने अवश्य ऐकावे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या ग्रंथांच्या नावावर हा बाजार चालतो, ते ग्रंथ प्रत्यक्षात काय सांगतात, हे एकदा पाहिले पाहिजे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची, 'गर्भोपघातकर भावां'ची यादीच आहे. दारुण श्रम, अपुरे अन्न, हादरे देणारे वाहन, मलमूत्राचे वेग दाबून ठेवणे, अतिशय अप्रिय बोलणे सतत कानी पडणे या त्यातल्या काही गोष्टी. त्याच अध्यायात एक सुंदर उपमा येते. तेलाने काठोकाठ भरलेले पात्र जसे हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भवतीला वागवावे. ही सूचना कोणाला आहे, ते पाहा. पात्राला नाही, पात्र वाहून नेणाऱ्याला आहे. आपल्याकडे मात्र सारे उपदेश गर्भवतीलाच केले जातात आणि घरातील इतर सर्वजण नामानिराळे राहतात.

अर्थात, सगळे विज्ञान आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे म्हणून टाळ्या घेण्याचा माझा विचार नाही. त्याच यादीत आजच्या कसोटीला न उतरणाऱ्या गोष्टीही आहेत. पण गर्भ हा आईच्या परिसराशी बांधलेला असतो, ही मूळ दृष्टी अचूक होती आणि गेल्या चाळीस वर्षांत तिला आकड्यांचा आधार मिळाला आहे. तो कसा मिळाला, ही कथा ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून सुईणी आणि आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माचे वजन, पहिल्या वाढदिवसाचे वजन, ते आईच्या दुधावर आहे की वरच्या, हे वहीत लिहून ठेवीत. सायकलवरून घरोघर फिरणाऱ्या त्या बायकांना आपण संशोधन करीत आहोत, याची कल्पनाही नसेल. वह्या कपाटात पडून राहिल्या. पुढे साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या. त्यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा माग काढला. जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले. १९८९ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकविश्वाने भुवया उंचावल्या. हृदयविकार म्हणजे चाळिशीनंतरची चैन, तूप, सिगारेट, एवढेच गणित तोवर डॉक्टरांना ठाऊक होते. हॉलंडमध्येही तेच दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी अन्नाची कोंडी केली. शहरांतील माणसाला दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर दिवस काढावे लागले. त्या दुष्काळात जी मुले पोटात होती, ती पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात रक्तातील साखरेचे दोष अधिक निघाले. गर्भारपणाचे पहिले महिने ज्यांच्या आयांनी उपाशी काढले, त्यांच्यात हृदयविकारही.

इथे वह्यांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या आरोग्यसेविका आणि आशाताई तुम्हाला माता-बाल संरक्षण कार्ड देतात. बाळ दोन वर्षांचे झाले की ते रद्दीत जाते. कृपा करून असे करू नका. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेला आपण प्लॅस्टिकचे वेष्टण घालतो. जन्माच्या वजनाचा कागद त्याच फायलीत ठेवा. तुमचा मुलगा चाळीस वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या डॉक्टरला गुणपत्रिकेपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास होते. बाळे सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची गोरी बाळे ३.५ किलोची. फरक अपेक्षितच होता. आश्चर्य पुढेच होते. आपल्या बाळांत स्नायू कमी, अवयव लहान. पण चरबी मात्र जवळजवळ त्या धष्टपुष्ट बाळांइतकी! वरून किरकोळ, आतून स्थूल. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा बांध्याने सडपातळच होती. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या रक्तातील साखर प्रमाणाबाहेर आढळली, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. कोवळ्या वयात, शेतात राबणाऱ्या घरांत. 'आम्ही कष्टाची माणसे, आम्हाला कसला आलाय डायबेटिस', असे आपण म्हणतो, त्याचे हे उत्तर आहे.

त्या अभ्यासातून घरात वापरता येतील अशाही काही गोष्टी हाती आल्या. ज्या आया पालेभाजी, दूध आणि फळे अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळे मोठी होती. ज्यांना शेतात आणि पाण्याच्या हंड्याखाली अधिक राबावे लागे, त्यांची लहान. जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. फॉलिक आम्लाची गोळी आपण आवर्जून देतो आणि ती द्यायलाच हवी. पण सोबत बी-१२ कमी असेल, तर मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणून पुढे याच खेड्यांत 'प्रिया' नावाचा प्रयोग झाला. ज्या मुली त्या मूळ अभ्यासात जन्मल्या होत्या, त्यांनाच लग्नापूर्वी, किशोरवयात बी-१२ देऊन त्यांच्या पोटी येणाऱ्या पुढच्या पिढीकडे पाहायचे. विचार करा, आजीच्या ताटापासून नातवाच्या मेंदूपर्यंतचा हा धागा आहे. आपल्या कोकणातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींचा असाच दीर्घ पाठपुरावा आरंभला आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही मासे खाणारी माणसे, आम्हाला बी-१२ कुठून कमी पडणार? खरे आहे, मासळीत ते भरपूर असते. पण ताटात कोणाच्या? तुकडी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर भातावर नुसती आमटी बाईच्या ताटात, हे चित्र किती घरांत आहे, ते ज्याचे त्याने पाहावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हातात पैसा नसतो. त्या दोन महिन्यांत तर नुसत्या पेजेवर दिवस निघतात. त्या काळात सुका जवळा, अंडे, मटकी, टाकळ्याची वा शेवग्याची भाजी आणि कपभर दूध गर्भवतीपर्यंत पोहोचते की नाही, हे घरातील कर्त्या माणसाने डोळ्यांनी पाहायला हवे.

मासळीबद्दल आणखी एक. मोरीने बाळंतिणीला दूध येते, अशी आपली श्रद्धा आहे. मोरी म्हणजे शार्क. जे मासे दुसरे मासे खाऊन मोठे होतात आणि दीर्घकाळ जगतात, त्यांच्या मांसात पारा साठत जातो. पारा गर्भाच्या मेंदूला काय करतो, ते जपानमधील मिनामाता येथे १९५६ पासून जगाने पाहिले. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांतून पोटात गेला. आईला किरकोळ त्रास किंवा काहीच नाही, आणि तिच्या पोटचे मूल जन्मभराचे पंगू. वार ही भिंत आहे, असे तोवर वैद्यक मानीत होते. ती भिंत नव्हे, चाळण आहे, हे तेव्हा कळले. मालवणचा समुद्र म्हणजे मिनामाताची खाडी नव्हे. कोणी घाबरून मासे सोडू नयेत. मासे सोडणारी गर्भवती मुलाच्या मेंदूला लागणारी स्निग्धद्रव्ये गमावते, तो तोटा मोठा. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना मोरी आणि थोराड सुरमई टाळावी, पेडवे, बांगडे, मोतयाळे खुशाल खावेत. गरिबाची मासळीच इथे सर्वोत्तम आहे!

आता थोडे कडू बोलतो. मशेरी. घरातल्या आजीपासून सुनेपर्यंत ती फिरते. दाढ दुखते म्हणून सुरू होते, मळमळ थांबते म्हणून गरोदरपणी वाढते आणि भूक मारते म्हणून गरिबाघरी सोयीची ठरते. 'दात घासायची पूड', असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो. पण ती भाजलेली तंबाखू आहे आणि हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जाते. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा अभ्यास होऊन २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू आणि मशेरीसारखे धूरविरहित प्रकार वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि जवळजवळ आठवडाभर आधी जन्मली. मृत बाळ जन्माला येण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. या एका गोष्टीसाठी सरकार नको, निधी नको. मशेरीची डबी सासूने आधी टाकावी, मग सुनेला सांगावे. उलट क्रमाने ती सुटत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

चुलीच्या धुराविषयी मात्र मी तुम्हाला सरळसोट आश्वासन देणार नाही. धुराने बाळाचे वजन कमी होते, हे अनेक निरीक्षणांत दिसले होते. पण तमिळनाडूसह चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवतींवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅस दिला गेला. धूर खूपच कमी झाला, तरी २०२२ साली निष्कर्ष आले तेव्हा बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कदाचित गर्भ राहिल्यावर बऱ्याच आठवड्यांनी गॅस मिळाला, म्हणून उशीर झाला असेल. विज्ञान असे अधूनमधून आपले कान उपटते आणि ते आपण उपटून घ्यावेत. गॅस तरीही हवाच. आईच्या फुप्फुसांसाठी आणि डोळ्यांसाठी हवा. पण आपल्याकडे एक वेगळीच गंमत आहे. स्वयंपाकघरात गॅस आला, न्हाणीची चूल मात्र तशीच. तिथे चुडते, सोडणे, करवंट्या पेटवतो ते ठीक. पण दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, फाटक्या चपला, औषधांची वेष्टणे, सारे त्याच चुलीत! जळत्या प्लॅस्टिकमधून जी विषारी द्रव्ये निघतात, ती शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करतात. हे उद्या सकाळपासून बंद करता येईल.

त्याहून नाजूक विषय आंब्याचा. मी देवगड-मालवणच्या बागायतदारांसमोर बोलतो आहे, याचे भान मला आहे. मोहोर आला की तुडतुडे, भुरी, थ्रिप्स. एक फवारणी चुकली तर वर्षाचे उत्पन्न गेले. हे संकट खरे आहे. पण शब्द पाहा, आपण विषाला 'औषध' म्हणतो. 'औषध मारले' म्हणतो! केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खालच्या वाड्यांतून व्यंगे घेऊन मुले जन्मू लागली. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत वाद झाले, पण अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली, तेव्हा वयात येण्याची प्रक्रिया लांबलेली आढळली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रसायन देशभर थांबवले. न्यूयॉर्कमध्ये तर शेतीही नव्हती. घरात झुरळांसाठी फवारलेल्या क्लोरपायरिफॉसचा अंश ज्यांच्या नाळेच्या रक्तात अधिक निघाला, ती मुले सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत मागे होती. याच कुळातील रसायने आपल्या बागांतूनही फवारली गेली आहेत.

फवारणी बंद करा, असे सांगण्याचा अधिकार मला नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वेळापत्रक आहे. त्यापलीकडे शेजाऱ्याने मारले म्हणून आपणही मारायचे, हे तरी थांबवू या. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. बागेच्या राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबे आपण ठेवतो. पुरुष फवारतो, त्याची गर्भवती बायको त्याच बागेतील खोपीत राहते, त्याचे भिजलेले कपडे हाताने धुते आणि त्याच हौदाचे पाणी पिते. तिचे नाव कुठल्या यादीत असते? ती आपल्या गावची नाही, म्हणून आशाताईच्या वहीत नाही. तिच्या देशात ती नाही, म्हणून तिथेही नाही. आपल्या आंगणात वाढणारा तो गर्भ आहे. फवारणीच्या आदल्या सांजेला वाडीत सूचना देणे, गर्भवतीला दोन दिवस दुसरीकडे ठेवणे, फवारणीचे कपडे पुरुषाने स्वतः धुणे, रिकाम्या बाटल्या आणि कॅन पाण्यासाठी न वापरणे आणि तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून येणे, हे काम बागेच्या मालकाचे आहे.

पाण्याचा विषय चटकन सांगतो. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर दाकोप भागात असे दिसले की, पिण्याच्या पाण्यातील खार वाढतो तसे गर्भवतींच्या रक्तदाबाचे विकार वाढतात. तेव्हा उन्हाळ्यातील गोडे पाणी आधी तिच्या तांब्यात, मग चहाच्या आधणात. आणि रक्तदाब दर भेटीला मोजायचाच.

शेवटी ताण. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचे वादळ झाले. विजेच्या तारा कोसळल्या, सुमारे तीस लाख माणसे ऐन थंडीत अंधारात. काही ठिकाणी महिनाभराहून अधिक काळ. त्या वेळी गर्भवती असलेल्या बायकांचा मॅकगिल विद्यापीठाच्या सुझान किंग यांनी पाठपुरावा केला. अभ्यासातील कुटुंबे फार नव्हती. पण ज्या आयांनी अधिक दिवस विजेविना, घराबाहेर, हालात काढले, त्यांच्या मुलांचे भाषेच्या आणि बुद्धीच्या चाचण्यांतील गुण सरासरीने कमी आले. लक्षात घ्या, बाई किती घाबरली होती यापेक्षा तिला प्रत्यक्ष किती सोसावे लागले, याचा संबंध इथे अधिक स्पष्ट होता. शरीरात याची यंत्रणा आहे. ताणाने कॉर्टिसॉल वाढते. वारेतील एक विकर त्यातील बहुतेक भाग निष्प्रभ करून बाळाला वाचवते. परंतु आई अर्धपोटी असेल, ताण सतत असेल, तर ही राखण ढिली पडते आणि बाळाचे शरीर जगाविषयी एक अंदाज बांधते की, बाहेर संकट आहे, साठवा, सावध राहा. जन्मानंतर जग तसे नसले, तरी शरीर त्या अंदाजानेच चालते.

१६ मे २०२१ ची तौक्ते वादळाची रात्र आपल्यापैकी कोण विसरेल? मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या कितीतरी वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. त्यावर करोनाची लाट. त्या आठवड्यात ज्या भगिनी गरोदर होत्या, त्यांची मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. कोणाच्याही कपाळी काही लिहिलेले नाही. हे सरासरीचे आकडे आहेत, विधिलिखित नव्हे. चांगले दूध, झोप, बोलणे, खेळणे यांनी पुष्कळ भरून निघते. पण पुढचे वादळ येणारच आहे. तेव्हा गावातील तरुणांनी झाडे हटवायला निघण्यापूर्वी आशाताईकडून गर्भवतींची यादी घ्यावी आणि पहिला कंदील, पहिले पाण्याचे पिंप त्या घरांत पोहोचवावे.

आणि वादळाशिवायही ताण असतोच. नवरा मुंबईत चाकरीला किंवा महिनोन्महिने ट्रॉलरवर. घरी सासू-सासरे, गुरे, पाणी आणि दर फोनला 'या वेळी मुलगा हवा हां' ही आठवण. 'टेन्शन घेऊ नकोस', असे तिला सांगण्यासारखे निरर्थक वाक्य नाही. तिचे टेन्शन ज्यांच्या हातात आहे, त्यांनी ते कमी करायचे. चाकरमान्यांनी गणपतीला यावेच. पण बायकोचा आठवा महिना शिमग्यात येत असेल, तर तेव्हाही रजा काढावी. माहेरी पाठवण्याची आपली जुनी रीत, सातव्या महिन्याचे डोहाळजेवण, तिला विचारून केलेले गोडधोड, यांत शहाणपण होते. फक्त त्या दिवशी फुलांचे दागिने आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या लावणीला चिखलात, असे होऊ नये.

प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून द्यावेत. नाव घालण्याची आवश्यकता नाही. मागच्या दालनात वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवले आहे, हिमोग्लोबिनही पाहता येईल. गर्भवती भगिनींनी आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी आधी यावे. सासूबाई सोबत आल्या असतील, तर त्यांचाही रक्तदाब मोजू. आणि ज्यांच्या कनवटीला मशेरीची डबी आहे, त्यांच्यासाठी दाराशी एक टोपली ठेवली आहे.